कंजूष नाही, माजोरडाही नाही, मग कोण? मराठी कोशकारांना खुलं पत्र

मराठी शब्दकोशांच्या कामात गुंतलेल्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

मी भाषांतरं करते. गेली पुष्कळ वर्षं हेच काम आहे, आणि त्यामुळे दिवसातून दहा वेळा तरी तुमच्या दाराशी येते. एखादा शब्द मिळाला नाही तर आपणच नीट शोधलं नसेल, असं आजवर समजत आले. मोल्सवर्थचा कोश 1831 साली आला, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात भागांत निघाला. एवढ्या मोठ्या साठ्यात माझ्या गरजेचा शब्द नसेल, हे मनाला पटायचंच नाही. या वेळी मात्र शोधशोध शोधलं आणि रिकाम्या हाताने परतले. म्हणून हे पत्र.

एका बाईंच्या आठवणी मी त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेत होते. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या घरची कामं करण्यात गेलं. ज्या घरात त्यांनी सर्वांत जास्त वर्षं काढली, तिथल्या मालकिणीबद्दल मी विचारलं. त्रास द्यायच्या का? नाही. पैसे कापायच्या? कधीच नाही, उलट वरचेवर जास्तीचेच द्यायच्या. ओरडायच्या? आवाज चढलेला आठवत नाही. मग त्यांचा विषय निघाला की तुम्ही अशा गप्प का होता? यावर त्या आणखीच गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी एका सकाळची हकीकत सांगितली. मुलगा तापाने फणफणलेला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तरी त्या कामावर गेल्या आणि मालकिणीच्या कानावर ही गोष्ट घातली. मालकिणीने ऐकून घेतलं, "अरे रे" म्हटलं, आणि लगेच विचारलं, आज पडदे धुवायचे होते ना? त्या विचारण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मुलाचा ताप त्यांच्या कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, एवढंच.

ही हकीकत मला दुसऱ्या भाषेत न्यायची होती, आणि त्याआधी स्वतःला समजण्यासाठी त्या मालकिणीला मराठीत एक विशेषण हवं होतं. तिथे मी अडले.

सगळ्यात आधी हाती आले कंजूषपणाचे शब्द. ते आपल्याकडे रग्गड आहेत: कंजूष, चिक्कू, चिंगूस, कृपण, कवडीचुंबक, हात आखडता असलेला. प्रत्येकाची छटा वेगळी, आणि 'कवडीचुंबक' तर असा चपखल की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पण ही मालकीण सढळ हाताची होती. यातला एकही शब्द तिला लागू पडेना.

मग माजाचे शब्द. माजोरडा, मस्तवाल, उन्मत्त, धनदांडगा, पैशाची गुर्मी, पैशाची धुंदी. हे सगळे शब्द आरडाओरडा करणाऱ्या श्रीमंताचे आहेत. 'धनदांडगा' म्हटलं की दांडगाई आलीच, कोणाची तरी जमीन लाटणं आलं, दमदाटी आली. ही बाई मवाळ बोलणारी, सगळ्यांशी गोड. तिच्यापुढे 'माजोरडी' म्हटलं असतं तर तिने आजूबाजूला पाहिलं असतं, कोणाबद्दल चाललंय म्हणून.

क्रौर्याचे शब्द तर आणखी दूरचे. निर्दय, निष्ठुर, पाषाणहृदयी, उलट्या काळजाचा. हे म्हणायला समोरच्याने काहीतरी करावं लागतं, मारावं, हाकलावं, लुबाडावं. तिने काहीच केलं नव्हतं.

'गर्भश्रीमंत', 'नवश्रीमंत', 'नवकोट नारायण', 'गब्बर', 'बडं धेंड' यांत पैसा किती आणि कुठून आला एवढंच कळतं. 'ऐषारामी' आणि 'विलासी' यांत तो कुठे जातो ते कळतं. मन कुठल्याच शब्दात नाही.

शेवटी उरतो 'असंवेदनशील'. तुमच्यापैकी अनेकजण म्हणतील, हा आहे की. आहे, पण हा शब्द बोलताना कोणाच्या तोंडी येतो? तो बातमीत येतो, निवेदनात येतो, सभागृहातल्या भाषणात येतो. यंत्रणा असंवेदनशील असते, विधान असंवेदनशील असतं, अधिकारी असंवेदनशील असतात. सगळ्यांना चालतो म्हणून कोणालाच लागत नाही. शिवाय त्यात एक वैद्यकीय भाव आहे, जणू एखादी नस मेली आहे आणि माणसाचा त्यात काही दोष नाही. त्या मालकिणीच्या संवेदना तर चांगल्या शाबूत होत्या. स्वतःच्या मुलाला ठेच लागली तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

हे सगळे शब्द कागदावर मांडून बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि हे पत्र खरं म्हणजे तेवढ्यासाठीच आहे. श्रीमंताला दोष देणारे आपले बहुतेक शब्द त्याला एकट्याला पाहतात. कंजूष म्हणजे त्याचं आणि पैशाचं नातं. माजोरडा म्हणजे त्याचं आणि स्वतःचं नातं. विलासी म्हणजे त्याचं आणि सुखाचं नातं. या शब्दांच्या व्याख्या लिहायला दुसरं माणूस लागतच नाही. एकटा, दाराला कडी लावून बसलेला माणूससुद्धा कंजूष असू शकतो. पण मी ज्या मालकिणीबद्दल बोलतेय तिचा दोष दोन माणसांच्या मधल्या जागेत आहे. समोर कोणीतरी उभं असावं लागतं, तेव्हाच तो दिसतो.

चांगुलपणाचे शब्द मात्र आपल्याकडे दोन माणसांचे आहेत. 'दया' ज्या 'दय्' धातूपासून आली त्याचा जुना अर्थ वाटून देणं, वाटा देणं असा आहे. वाटा द्यायला दुसरं कोणी हवं. 'अनुकंपा' तर मला मराठीने जपलेल्या सगळ्यांत सुंदर शब्दांपैकी एक वाटतो: कंप म्हणजे थरथर, अनु म्हणजे मागोमाग. दुसरा थरथरला की त्यापाठोपाठ आपणही थरथरणं. आणि आपला खास घरचा 'कळवळा', तो उच्चारतानाच पोटात काहीतरी हलतं. इतके शब्द असणाऱ्या भाषेला, ही थरथर ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही त्याच्यासाठी साधा रोजच्या वापरातला शब्द घडवावासा वाटला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. दुःखही होतं.

'कृपण' या शब्दाचा प्रवास पाहा. संस्कृतात तो आधी कंजुषाचा नव्हता. कृपण म्हणजे दीन, केविलवाणा, ज्याची कीव यावी असा. 'कृपे'शीच त्याचं नातं सांगितलं जातं. गीतेतला अर्जुन आपल्या 'कार्पण्या'बद्दल बोलतो, तेव्हा तो कंजूषपणाबद्दल बोलत नाही, खचून दीनवाण्या झालेल्या मनाबद्दल बोलतो. पुढे हाच शब्द पैसा धरून बसणाऱ्याचा झाला. इंग्रजीतही अगदी असंच घडलं: लॅटिनमध्ये 'मिसेर' म्हणजे दुःखी, हतभागी, आणि त्यातूनच कंजुषाला 'मायझर' हा शब्द आला. दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन पैसा साठवणाऱ्याचीच कीव केली! बिचारा स्वतःच्या पैशाचंही सुख घेत नाही, म्हणून. त्याच्या दाराबाहेर जो उपाशी होता, तो या शब्दाच्या गोष्टीत कुठेच नाही.

आता दुसरी बाजू. गरिबांसाठीचे शब्द आपण कसे वापरतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी एकत्र ठेवून पाहण्याची विनंती करते. लेख वाईट असला की तो 'भिकार'. विचार कोते असले की 'दरिद्री'. कोणाला तुच्छ लेखायचं असलं की तो 'फाटका'. माणूस अशुभ वाटला, नकोसा झाला, तर 'दळभद्री'. म्हणजे पैसा नसणं हीच एक शिवी झाली, आणि तीही अशा गोष्टींसाठी, ज्यांचा पैशाशी काडीचा संबंध नाही. उलट बाजूला 'श्रीमंत' म्हणजे नुसतं कौतुक. गाणं श्रीमंत, परंपरा श्रीमंत, अनुभव श्रीमंत, मन श्रीमंत. 'श्री' म्हणजे मुळात शोभा, तेज, ऐश्वर्य, त्यामुळे हे होणारच, असं कोणी म्हणेल. पण 'दरिद्र' हा शब्द मुळात ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ धावणं असा आहे, इकडून तिकडे भटकणं. ज्याला एका जागी टेकायला मिळत नाही, तो दरिद्र. त्या भटकण्यात हिणकस असं काय होतं? हिणकसपणा आपण नंतर घातला.

'लाचार' बघा. 'चारा' या फारसी शब्दाचा अर्थ उपाय. 'बेचारा' आणि 'लाचार' या दोघांचाही मूळ अर्थ एकच, ज्याच्यापुढे उपाय उरला नाही तो. त्यातल्या 'बिचाऱ्या'ला आपण थोडी कीव दिली. 'लाचारा'ला मात्र आरोपी केलं. आज लाचार म्हणजे ज्याने स्वाभिमान विकला, जो पुढे पुढे करतो, जो लोचट आहे. उपाय नसण्याची शिक्षा त्या शब्दाने त्या माणसाला दिली.

आणि 'गरीब'. अरबीत याचा अर्थ परका, अनोळखी, परदेशी. 'अमीर' म्हणजे हुकूम देणारा. आज आपण 'गरीब-अमीर' असं एका दमात म्हणतो, तेव्हा मुळात म्हणत असतो परका आणि हुकूम सोडणारा. हे कळलं त्या दिवशी मला त्या पडद्यांची आठवण झाली. वर्षानुवर्षं त्याच घरात राबणारी बाई परकीच राहिली होती, आणि मुलाच्या तापाला उत्तर म्हणून तिला एक काम सांगण्यात आलं होतं. मराठीत त्याला आणखी एक अर्थ आहे: गरीब म्हणजे मवाळ, खाली मान घालणारा. गरीब गाय म्हणतो ते त्याच अर्थाने. म्हणजे ज्याच्याकडे नाही त्याने गरीबच राहावं, दोन्ही अर्थांनी.

म्हणींचीही तीच तऱ्हा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश कोणाला? गरजवंताला अक्कल नसते, हा टोला कोणाला? नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, ही टिंगल कोणाची? ज्याचं अंथरूण गरजेपेक्षा हातभर लांब आहे त्याने शेजारी कुडकुडणाऱ्याकडे एकदा तरी पाहावं, असं सांगणारी तितकीच सर्वतोमुखी म्हण मला सापडलेली नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर मनापासून सांगा, मला आनंदच होईल.

हा फक्त मराठीचा दोष आहे असं मी म्हणत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायात एका श्रीमंताची गोष्ट आहे. तो रोज थाटामाटात जेवतो, आणि त्याच्या दाराशी लाजर नावाचा फोडांनी भरलेला भिकारी पडलेला असतो, मेजावरून खाली पडेल त्यावर पोट भरावं या आशेने. दोघे मरतात आणि श्रीमंताच्या वाट्याला यातना येतात. मला या गोष्टीतल्या दोन बाबी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्या श्रीमंताने लाजरला हाकललं, मारलं, त्याच्यावर कुत्री सोडली, असं कुठेही म्हटलेलं नाही. तो दाराशी होता आणि याने काही केलं नाही, एवढंच. दुसरी, गोष्टीत गरिबाला नाव आहे, श्रीमंताला नाही. पुढे लोकांनी लॅटिन भाषांतरातला 'दीवेस' हा शब्दच त्याचं नाव समजून वापरला, आणि 'दीवेस' म्हणजे तरी काय, नुसतं 'श्रीमंत'. त्याच्या नेमक्या दोषाला तिथेही शब्द मिळाला नाही.

पण शब्द मिळवता येतो, आणि तो मिळवण्यात कोशकारांचा हात असतो. याचं एक उदाहरण ताजं आहे. स्पेनमधल्या तत्त्वज्ञ अदेला कोर्तिना यांच्या लक्षात आलं, की परक्या माणसांचा द्वेष यासाठी जो शब्द आपण वापरतो तो पुरत नाही. पैसे घेऊन येणाऱ्या परदेशी पाहुण्याचं स्वागतच होतं. दार बंद होतं ते गरीब परक्यासाठी, आणि कधीकधी आपल्याच घरातल्या गरिबासाठीसुद्धा. म्हणजे नकोशी आहे ती गरिबी. ग्रीकमधल्या 'आपोरोस', म्हणजे ज्याच्याकडे काही साधन नाही, या शब्दावरून त्यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'आपोरोफोबिया' हा शब्द घडवला. बरीच वर्षं तो त्यांच्या लेखनात आणि थोड्या अभ्यासकांत फिरत राहिला. 2017 मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमीने तो आपल्या कोशात घेतला. 2021 मध्ये तो स्पेनच्या दंडसंहितेतही आला. गुन्ह्यामागे पीडित माणूस गरीब असल्याबद्दलचा तिटकारा असेल, तर शिक्षा वाढवण्याचं ते एक कारण ठरलं. शब्द आधी आला, कायद्यात तो नंतर पोहोचला. ज्याला नाव नव्हतं ते न्यायालयात बोलून दाखवता येऊ लागलं.

तो शब्द तिटकाऱ्याचा आहे. माझ्या हकीकतीत तिटकारा नाही, त्यामुळे तो उचलून इथे बसवा असं मी म्हणणार नाही. मराठीत तो कृत्रिमही वाटेल. मी फक्त एवढंच दाखवतेय, की कोशात जागा मिळाल्याने काय होऊ शकतं.

काहीजण म्हणतील, कशाला एखाद्या वर्गावर मारायचा शिक्का घडवताय, शब्दाने द्वेष वाढतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. श्रीमंत म्हणजे वाईटच, असं सांगणारा शब्द मला नको आहे. ज्यांच्याकडे भरपूर आहे आणि ज्यांचा जीव दुसऱ्यासाठी खरोखर तुटतो, अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत. मला तर वाटतं, नेमका शब्द नाही म्हणूनच आपण सगळ्या श्रीमंतांना सरसकट 'माजलेत' म्हणून मोकळे होतो, आणि ते अन्यायाचं आहे. शिवाय चुकीच्या शब्दामुळे खरा दोषी सुटतो. त्याला कंजूष म्हणा, तो देणग्यांच्या पावत्या दाखवेल. माजोरडा म्हणा, तो आपलं नम्र बोलणं दाखवेल. निर्दय म्हणा, मी कोणाचं काय वाईट केलं, असं विचारेल, आणि तिन्ही वेळा तो खरंच बोलत असेल. स्वतःकडे पाहायला त्याला आरसा मिळतच नाही.

तुम्ही विचाराल, मग तुमचा शब्द कोणता. माझा नाही. त्या बाईंनी दिला तो सांगते.

पडद्यांची हकीकत सांगून झाल्यावर मी त्यांना विचारलंच, अशा माणसाला काय म्हणावं? त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "कोरडी होती बाई. देणारी होती, पण कोरडी."

मी तो शब्द तेव्हा नुसता लिहून घेतला. नंतर कळलं की याहून नेमका शब्द मला मिळणार नव्हता. मायेला आपण ओलावा म्हणतो. मन पाझरतं, काळीज द्रवतं, डोळे पाणावतात. मराठीत माणुसकीचा सगळा व्यवहार पाण्याचा आहे. त्यामुळे 'कोरडा' म्हटल्याबरोबर काय नाही ते कळतं, आणि बाकी सगळं असू शकतं हेही कळतं. माणूस कोरडा आणि उदार असू शकतो, कोरडा आणि सभ्य असू शकतो. कोरडी विचारपूस, कोरडं सांत्वन, कोरडी सहानुभूती हे आपण आत्ताही म्हणतोच. आणि हा दोन माणसांचा शब्द आहे. हात लावून पाहिल्याशिवाय कोरडं आहे की ओलं ते समजत नाही. मालकीण कोरडी आहे हे तिच्या मैत्रिणींना कधीच कळलं नसेल. जिला गरज पडली, तिला कळलं.

आणखीही एक शब्द ऐकण्यात आहे, 'निबर'. भाजी कोवळेपणा सरून राठ झाली की निबर होते, आणि तसंच मन. पण निबर माणूस गरीबही असू शकतो, परिस्थितीनेही माणूस निबर होतो. त्या बाई स्वतःला निबर म्हणाल्या होत्या, मालकिणीला नाही. हा फरक त्यांनी किती सहज पाळला, ते मला अजून आठवतं.

तर माझ्या विनंत्या अशा आहेत. 'कोरडा' या नोंदीत, ज्याची ऐपत आहे पण ज्याला दुसऱ्याच्या, विशेषतः गरिबाच्या, दुःखाने पाझर फुटत नाही असा, हा अर्थ स्वतंत्र क्रमांक देऊन घ्यावा. 'भिकार', 'दरिद्री', 'फाटका', 'लाचार' यांचे निंदेचे अर्थ जिथे दिले जातात, तिथे हा गरिबीवरून आलेला निंदाव्यंजक वापर आहे अशी खूण असावी. काढून टाका असं मी म्हणत नाही, बोलली जाते तशी भाषा कोशात यायलाच हवी. फक्त वाचणाऱ्या मुलाला कळू दे, की हा शब्द कुठून आला आणि कोणावर पडतो. आणि शक्य असेल तर असे शब्द गोळा करायला तुम्ही घरकाम करणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या, रात्रपाळीला दारावर बसणाऱ्या लोकांकडे जा. श्रीमंतांना ते आपापसांत काय म्हणतात ते ऐका. छापील मजकुरातून हे शब्द मिळणार नाहीत, कारण लिहिणारे आम्ही बहुतेक दाराच्या आतल्या बाजूचे आहोत. मीसुद्धा. माझ्याकडे काम करणाऱ्या बाई मला काय म्हणत असतील, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

गेल्या काही महिन्यांत कामावर जाणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलेली 'कोरडा'ची सतरा वाक्यं मी टिपून ठेवली आहेत, प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर, कोणत्या संदर्भात ऐकलं त्यासह. बोलणाऱ्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलेली नाहीत. तुमच्या नोंदींना त्या उपयोगी पडणार असतील तर कुठे पाठवू, तेवढं कळवावं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक भाषांतरकार